उतारावरची मोटार

१

मंगळवारी सकाळी डॉक्टर इंदुताईंची मोटार सुरू झाली नाही, आणि त्यापायी पाच कोसांवरच्या एका गावची बाळंतीण मरता मरता वाचली.

लटारू ड्रायव्हरने बटण दाबलं, तर मोटारीने ‘टक्’ केलं आणि गप्प बसली. त्याने पुढून हँडल घालून खांदे दुखेस्तोवर फिरवलं. मग दवाखान्याच्या आवारातल्या उतारावरून ती सोडून पाहिली. ती खालच्या रस्त्यापर्यंत निमूट घरंगळत गेली आणि तिथे जाऊन उभी राहिली. शेवटी इंदुताई औषधांची पेटी मांडीवर घेऊन बैलगाडीने निघाल्या. त्या पोचल्या तेव्हा आई आणि बाळ दोघंही जिवंत होते, पण आणखी अर्धा तास गेला असता तर नसते. संध्याकाळी परत आल्या, पायरीवर बसल्या आणि लटारूला म्हणाल्या, “रविवारपर्यंत गाडीचं काय ते कळायला हवं. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

महिन्याभर बटण बहुतेक सकाळी रुसत होतं, पण उतारावरूनही गाडी सुरू न व्हायची ही पाचवी खेप होती. सत्तावन्न सालचा मार्च चालू होता. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण गडचिरोलीपासून सहा कोसांवरच्या या चिंचटोल्याचे रस्ते काही राज्याबरोबर बदलले नव्हते. या मुलखात डॉक्टर म्हणजे इंदुताई, आणि इंदुताई म्हणजे त्यांच्या वडिलांनी नागपुराहून धाडलेली ही जुनी काळी मोटार.

ती बिघडण्यामागचं कारण गुणवंतरावांना आधीच ठाऊक होतं. गुणवंतराव शेजारचे माजी मालगुजार. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ती त्यांच्या आवाजातून गेली नव्हती.

“बॅटरी मेली नाई, बाई. तिची वीज कोणीतरी रोज काढून राह्यला,” ते म्हणाले. “लटाऱ्याले मी माह्या डोयानं पाह्यलं. सायकलीवर बॅटरी बांधून टुरिंग टॉकीजच्या तंबूकडं चालला होता. तिकडं भोंगा वाजते, आन् इकडं तुमची गाडी झोपते.”

लटारू समोरच उभा होता. त्याने मान खाली घातली. नऊ वर्षं ट्रकांचा क्लीनर म्हणून चाकांखाली घालवल्यावर त्याच्या हातात गाडीची किल्ली देणारं पहिलं माणूस म्हणजे इंदुताई. बॅटरीचोर म्हणून इथून निघाला, तर चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत एकही मालक त्याला चाकाला हात लावू देणार नव्हता. ते इंदुताईंनाही कळत होतं, म्हणून तर त्यांनी रविवारपर्यंत वेळ दिला. त्याच संध्याकाळी त्यांनी सोमाजी मास्तरांना निरोप धाडला.

२

सोमाजी निकुरे तीस वर्षं तारेवर बोटं वाजवून निवृत्त झालेले तारमास्तर होते. त्यांच्यापुरत्या तारा आता बंद झाल्या, पण बोटं चालूच होती. विचारात असले की ती मांडीवर, खांबावर, समोरच्याच्या टेबलावर वाजत राहत. विजेच्या बाबतीत ‘चमत्कार’ हा शब्द कोणी उच्चारला की मास्तरांचं डोकं फिरे. अंधार पडला की मात्र त्यांना काही दिसत नसे. त्यामुळे जे काही शोधायचं ते दिवसाउजेडी, हा त्यांचा नेमच होऊन बसला होता.

बुधवारी दुपारी ते सायकलीने आले. सकाळीच एका लाकडाच्या ट्रकाने दोर लावून मोटार ओढली होती, तेव्हा कुठे ती बोलली होती, आणि लटारूने ती गडचिरोलीपर्यंत पळवून बॅटरी भरून आणली होती. मास्तरांनी पिशवीतून आपलं काट्याचं मीटर काढलं. काटा सहाच्या वर जाऊन थांबला, म्हणजे बॅटरी पुरी भरलेली होती. मग त्यांनी बॅटरीची एक तार सोडवली, डोक्यावर घोंगडी ओढून बॉनेटमध्ये अंधार केला आणि तारेचं टोक पुन्हा पुन्हा जागेवर टेकवून पाहिलं. गाडी बंद असताना वीज कुठून गळत असेल, तर टेकवताना ठिणगी उडते. एकही उडाली नाही.

“तारा चांगल्या आहेत,” मास्तर घोंगडीतून बाहेर येत म्हणाले. “आता तू सांग, लटारू. चांद्याचा मिस्त्री काय म्हणाला?”

“दोन रात्री त्याच्या शेडमंदी ठेवली जी गाडी. दोन्ही सकाळी एका बटणात सुरू. तो म्हणे, तुह्या गाडीले काईच झालं नाई, तुलेच झालं आहे.”

“आन् इथी?”

“इथी आली का आजारी.”

“गाडी रात्री कुठी ठेवतोस?”

लटारूने आवाराच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे बांबूच्या कुंपणाला पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून मोटार उभी राही. “अगुदर खाली छपरात ठेवत होतो. पौषात एकडाव बटणानं दगा देल्ला, तार ढिली झाल्ती. तवापासून वर ठेवतो. बटण नाई चाललं तर उतारावरून सोडून सुरू करता येते.”

“अक्कल चांगली आहे. आन् सायकलीवरची बॅटरी?”

लटारूच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांनी त्याला पुन्हा विचारलं नाही. तीस वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते. तारेवरचा माणूस मधेच थांबला तर त्याला टोकायचं नाही, त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलतो.

संध्याकाळी लटारूने गाडी वर नेऊन लावली. मास्तरांनी जवळच्या टोलीतून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, आणलेली लाख विस्तवावर धरली, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून त्यावर थेंब पाडले आणि आपल्या जुन्या कोटाच्या पितळी बटणाचा ठसा दाबला. आता लाख फोडल्याशिवाय बॅटरीला कोणाचा हात लागणं शक्य नव्हतं.

गुरुवारी उजाडताच मास्तर इंदुताईंना घेऊन वर गेले. लटारू यायचा होता. लाखेचे दोन्ही थेंब जसेच्या तसे होते, दोरा जागचा हलला नव्हता. मास्तरांनी स्वतःच्या हाताने ठसे फोडले आणि मीटर लावलं. काटा चारापर्यंतही चढला नाही.

घोंगडी घेऊन पुन्हा ठिणगी पाहिली. नव्हती.

“बॅटरीले कोणी हात लावला नाई, तरी ती रिकामी झाली. आन् आता पाह्यलं तर गळती बंद,” मास्तर म्हणाले. त्यांची बोटं बॉनेटवर वाजायला लागली. “बाई, बिघाड असता तर आत्ताही गळली असती. बिघाडाले घड्याळ समजत नाई. हे संध्याकाळी कोणीतरी सुरू करते आन् सकाळी बंद करते.”

इंदुताईंचा चेहरा उतरला. “मग लटारूच ना?”

३

मास्तर थेट टॉकीजच्या तंबूत गेले. मशीनवाला बिरजू रायपूरकडचा. तो सतरंजीवर बसून फिल्म जोडत होता.

“मास्टरजी, मेरा भोंगा बारा व्होल्टचा,” मास्तरांनी विचारायच्या आतच तो म्हणाला. “बाईंची बॅटरी सहाची. तिच्यावर माझी मशीन खोकणार पण नाई. गावात सगळे मला विचारून राह्यले, पण व्होल्ट कोणी विचारत नाई.”

“मंग लटारूच्या सायकलीवर कोणाची होती?”

“मेरीच होती. गाडी मिस्त्रीकडे चालली होती, म्हणून मी लटारूभाऊंना म्हटलं, माझी पण चांद्यात भरून आणा. आणली बिचाऱ्यानं. पण बाईंना न विचारता बाईंच्या गाडीत दुसऱ्याचं सामान नेलं, याची त्याला शरम वाटते. म्हणून तोंड उघडत नाई.”

मास्तरांना बरं वाटलं, आणि लटारूचा रागही आला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस आपली नोकरी पणाला लावतो, हे त्यांना पटेना.

तिथून ते गुणवंतरावांच्या ओसरीवर गेले. कोनाड्यात विणलेल्या रुमालाखाली रेडिओ होता. साऱ्या टापूतला एकुलता एक. रेडिओलाही वीज लागते, आणि गुणवंतरावांचं कुंपण दवाखान्याला लागून होतं. एवढा संशय मास्तरांनी मनात ठेवूनच चहाचा कप उचलला.

“निवडणुकीचं काय म्हणते रेडिओ?” त्यांनी विचारलं.

गुणवंतरावांनी घसा साफ करून कुठे किती जागांवर मोजणी झाली ते सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकलं. हीच बातमी त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी गडचिरोलीला पेपरात वाचली होती.

“तुमचा रेडिओ पंधरवड्यापासून बंद आहे, गुणवंतराव.”

गुणवंतरावांनी आधी आवाज चढवला, मग इकडे तिकडे पाहिलं आणि उतरवला. “त्याचा बॅटरीचा कोरडा डबा संपला. नागपुराहून अजून नाई आला. गावाले काय सांगू? रोज संध्याकाळी लोक येऊन बसतात.”

नव्वद व्होल्टचा कोरडा डबा लागणाऱ्या रेडिओला सहा व्होल्टची मोटार काय देणार? मास्तरांनी गुणवंतरावांचं नाव मनातल्या मनात खोडलं. माणूस खोटं बोलला होता, पण ते आपल्या रुबाबापोटी.

“पण मास्तर,” गुणवंतराव त्यांना सोडायला पायरीपर्यंत आले, “लाख लावून काय होते? बॉनेट उघडाच कायले लागते? दाराले तर कुलूपच नाई. आत बसून एक दिवा जळत ठेवला का रातभरात बॅटरी बसली. ज्याले बाईचं वाईट करायचं आहे त्याले एवढं पुरे.”

मास्तर पायरीवरच थबकले. गुणवंतरावांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकीच्या सांगितल्या असतील, पण ही बरोबर होती.

४

शुक्रवारी दुपारी सुकलू चौकीदार मोहाच्या सावलीत आडवा झाला होता. पन्नाशीचा, काटक, नाल्यापलीकडच्या गोंड टोलीतला माणूस. तरुणपणी जंगलातून सागवान आणणाऱ्या गाड्या हाकायचा. घाटात भरल्या गाडीला बैलांच्या अंगावर जाऊ न देणारा म्हणून त्याचं नाव होतं. आता रात्री दवाखाना राखायचा आणि दिवसा झोपायचा. उशाला सागाचा हातभर ओंडका घेतला होता. त्याचं एक टोक कशाने तरी काळं झालं होतं.

मास्तर शेजारी बसले तसा तो उठून बसला.

“रात्री गाडीजवळ कोणी येते का, सुकलू?”

“कोणी नाई जी. मी तिथीच असतो. गाडीपुढं खाट टाकून.”

“पुढं काऊन? दवाखान्याच्या पडवीत काऊन नाई?”

सुकलूने उशाचा ओंडका जरा मागे सरकवला. “तिथी वारा लागते.”

“गाडीचे दिवे जळताना दिसले कधी? लटारू विसरून गेला असल.”

“नाई. पुढचे दोनी डोये बंद असतात. आतमंदी बी अंधार. लटारूभाऊ विसरणारा माणूस नाई जी. त्याले काढू नोका म्हणा बाईले.” हे शेवटचं बोलताना सुकलूचा आवाज बदलला. तो खोटं बोलत नव्हता, हे मास्तरांना पक्कं जाणवलं. पण सांगायचं काहीतरी उरलं होतं, तेही जाणवलं.

तेवढ्यात दवाखान्यातून सुकलूची मुलगी सोनी बाहेर आली. दिवस भरत आले होते, पहिलटकरीण होती, म्हणून बापाकडे आली होती. मागून इंदुताई तिला रागावत होत्या. “झोप पुरी नाही हिची. रात्ररात्र जागते.”

“मी कशी झोपू बाई?” सोनी म्हणाली. “कुंपणापाशी लाल डोया दिसते. माह्या झोपडीतून सरळ दिसते, नाल्याच्या पल्याड.”

“बिबट असेल,” इंदुताई म्हणाल्या.

सोनी हसली. जंगलात वाढलेल्या माणसाला शहरातल्या माणसाचं हसू येतं तसं. “जनावराचा डोया आपल्या दिव्यानं चमकते, बाई. दिवा नाई तर डोया बी नाई. हा आपल्याच उजेडानं जळते. पापणी बी नाई हालत. बा सकाळी जाऊन पाहून आला. काईच नव्हतं.”

मास्तरांची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली. “रोज दिसते?”

“महिना झाला. मधात दोन राती नव्हता, अमावस्येच्या सुमाराले. आन् मंग पुन्हा आला.”

“लटारू,” मास्तरांनी हाक मारली, “गाडी चांद्याले कधी ठेवली होती?”

“अमावस्येच्या आदल्या दिवशी नेली जी. दोन राती.”

मास्तर चढ चढून वर गेले. मोटारीचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिले. मग वाकून ब्रेकच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, आणि सीटच्या लोखंडी कडेवरून. अंगठ्याला खोलगट खूण लागली.

त्यांची बोटं वाजायची थांबली होती.

५

शनिवारी दुपारी लटारूने बॅटरी पुन्हा भरून आणली, आणि दिवेलागणीच्या जरा आधी मास्तरांनी सगळ्यांना आवारात बोलावलं. बिरजू आला, गुणवंतराव आपली खुर्ची घेऊन आले. सोनीला त्यांनी नाल्यापलीकडे तिच्या झोपडीच्या दारात उभं राहायला सांगितलं होतं.

“चोर कोणी नाई,” मास्तर म्हणाले. “आधी तेवढं ऐकून घ्या. बिरजूचा भोंगा बाराचा, रेडिओचं यंत्र नव्वदचं.” गुणवंतरावांनी खुर्चीत चुळबुळ केली, पण मास्तर पुढे गेले. “सहाची बॅटरी दोघांच्याही कामाची नाई. लाख फुटली नाई, म्हणजे बॅटरी जागची हलली नाई. ती गाडीतच खर्च झाली. कशात? गाडीत वीज खाते दिवा. पुढचे दिवे नाई, कारण सुकलू पुढं झोपते, त्याले दिसले असते. मागचा साधा लाल दिवाही नाई, कारण तो लावला का पुढचे बारके दिवे बी लागतात. पण गाडीले एक असा दिवा आहे, जो एकटाच लागते, मागच्या बाजूले, लाल. त्याले ना किल्ली लागते ना बटण.”

ते आत बसले आणि ब्रेकवर पाय ठेवला.

क्षणभर काही झालं नाही. मग नाल्यापलीकडून सोनीचा आवाज आला, “हाच तो. हाच डोया.”

मास्तरांनी पाय उचलला. “आता?”

“मिटला.”

इंदुताई पुढे आल्या. “पण रात्रभर ब्रेकवर पाय ठेवून कोण बसेल, मास्तर?”

“माणसाचा पाय नाई बसत. सागाचा बसते.” मास्तर गाडीतून उतरले आणि सुकलूसमोर जाऊन उभे राहिले. आवाज मऊ केला. “सुकलू, तुही उशी आण.”

सुकलूने ओंडका आणला. मास्तरांनी तो ब्रेकची पट्टी आणि सीटची कड यांच्यात धरला. हातोड्याने ठोकून बसवल्यासारखा तो नेमका बसला. काळं टोक रबराच्या पट्टीवर आलं.

लटारूने वाकून ओंडका पाहिला. “सुकलूदादा, तुमी?”

सुकलूने एकदा लटारूकडे पाहिलं, एकदा नाल्याकडे. मग एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम सांगितलं.

“माघात एका दुपारी तू जेवाले गेल्ता. सोनी उतारावर, तिथी निंबाखाली बसून तांदूळ निवडत होती. गाडी आपूनच हालली. तुह्या हातब्रेकाची दोरी सैल आहे, लटारूभाऊ, तुले ठाव नाई. मी चुलीचं लाकूड चाकापुढं फेकलं. गाडी थांबली, सोनीपासून दोन हातांवर. तू आला, तुले समजलं बी नाई. मी म्हटलं, बाईले सांगीन तर तुही नौकरी जाईल. लेकरंबाळं आहेत तुले. चाकाखाली लाकूड ठेवलं असतं, तर तू विचारलं असतं काऊन ठेवलं. मी रोज पाहतो, तुहा पाय त्या पट्टीवर असला का गाडी हालत नाई. मंग तू घरी गेल्यावर पाय कोणं ठेवायचा? म्हणून सागाचा ठेवला. तू येयाच्या अगुदर रोज काढून घेत होतो. आन् पुढं खाट टाकून झोपत होतो. पाय सुटला तर आधी माह्या अंगावर यावी.”

बिरजूने डोळे पुसले आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

मास्तरांनी उरलेलं सांगितलं, कारण ते सांगणं त्यांचं कामच होतं. “बटणानं दगा दिला म्हणून लटारू गाडी उतारावर ठेवू लागला. उतारावर ठेवली म्हणून सुकलूनं पाय लावला. पाय लावला म्हणून दिवा जळला, अन् बॅटरी बसली. बॅटरी बसली म्हणून लटारू गाडी पुन्हा उतारावरच ठेवू लागला. दोघंही भलंच करायले गेले, बाई. एकानं दुसऱ्याले विचारलं असतं, तर मले सायकल मारत यावं लागलं नसतं.”

लटारू खाली बसला आणि त्याने सुकलूचे दोन्ही हात धरले. इंदुताई त्याच्याजवळ आल्या. “चुकलं माझं, लटारू. मी तुला विचारायला हवं होतं, आणि मी रविवार दिला.”

“माह्यंबी चुकलं, बाई. त्या बिरजूच्या बॅटरीचं मी तुमाले सांगितलं नाई.”

गुणवंतरावांनी खुर्ची उचलली. जाता जाता ते लटारूपाशी थांबले, आणि या वेळी ‘लटाऱ्या’ म्हणाले नाहीत. “लटारूभाऊ, मी उगाच बोललो. येऊन बसत जा संध्याकाळी. रेडिओ सुरू झाला का.”

६

रविवारी लटारू आणि मास्तरांनी हातब्रेकची दोरी बदलली. गाडी पुन्हा खालच्या छपरात, सपाटीवर आली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मास्तरांनी मीटर लावून पाहिलं, काटा सहाच्या वरच राहिला. जायला निघाले, तर इंदुताईंनी थांबवून घेतलं.

बरं झालं थांबवलं. गुरुवारी सकाळी सोनीला कळा सुरू झाल्या आणि तिला तपासून इंदुताई बाहेर आल्या, तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मूल आडवं होतं. इथे जमणार नव्हतं, चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातच न्यायला हवं होतं.

सुकलू पोरीला उचलून गाडीपाशी आला आणि तिथेच उभा राहिला. आज बॅटरी बसलेली असती तर माझ्या लाकडानेच हिचा जीव गेला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना वाचता येत होतं. लटारूने किल्ली फिरवली आणि बटणावर बोट ठेवलं. मास्तरांना तीस वर्षांत कधी प्रार्थना सुचली नव्हती. त्या दिवशी सुचली.

गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली.

वैनगंगेच्या घाटावर पोचले, तेव्हा दोन नावा जोडून केलेला तराफा पलीकडच्या काठाला होता. तो येईपर्यंत थांबणं भाग होतं, आणि घाट पाण्याकडे चांगलाच उतरता होता. सीटवर सोनी इंदुताईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिला धक्का बसता कामा नये, म्हणून लटारूने गाडी हळूच थांबवली, नवा हातब्रेक ओढला, आणि मान बाहेर काढली.

“सुकलूदादा, तुमचा पाय द्या.”

सुकलू खाली उतरला. बगलेत सागाचा ओंडका होता. तो का बरोबर घेतला, हे त्याला निघताना कोणी विचारलं नव्हतं. त्याने तो चाकाखाली सरकवला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि टाचेने ठोकून पक्का केला. मास्तर मागे जाऊन उभे राहिले आणि वाकून लाल दिव्याकडे पाहिलं. तो विझलेला होता.

तराफा आला. लटारूने बटण दाबलं, गाडी बोलली. सुकलूने ओंडका काढून मांडीवर घेतला.

सोनीला मुलगी झाली, त्याच दुपारी, दवाखान्याच्या घड्याळात तीनाला पाच कमी असताना. दोघी सुखरूप होत्या. इंदुताईंनी बाळ आधी सोनीच्या बापाकडे दिलं. सुकलूने ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा तिचे पाय पाहिले, एक मग दुसरा, आणि कधी नव्हे तो मोकळेपणी रडला.